मदत हवी आहे: जुना ओतीव लोखंडी छतपंखा – मूळ वाइंडिंग वाचवता येईल का?

नमस्कार मंडळी,

प्रश्न आधी सांगते, बाकीचं नंतर. माझ्याकडे एक जुना छताचा पंखा आला आहे. वाइंडिंग (मोटरमधले तांब्याच्या तारेचे वेढे) कुठे तुटलेलं नाही, पण बॉडीला लीकेज दाखवतंय, म्हणजे वेढ्यांतून बॉडीत वीज झिरपतेय. मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजायच्या यंत्रावर) ५०० व्होल्टला जेमतेम ०.४ मेगओहम. दोन वाइंडरांना दाखवला. दोघांनीही आत नीट न पाहताच "काढून नवीन भरू" म्हणून सांगितलं. मला मूळ वाइंडिंग ठेवायचं आहे. ते शक्य आहे का, आणि असेल तर कसं, हे ज्यांनी स्वतःच्या हातांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.

आता पंख्याविषयी. मी सहा वर्षं जुने पंखे जमवते, पण आजवर सगळे टेबलावरचे. छताचा हा पहिलाच. ओतीव लोखंडाची बॉडी, लाकडाची चार पाती, पात्यांचे हात पितळी आणि खाली तेलाची वाटी. पंखा उचलायला दोन माणसं लागली. नावपट्टीवरचं कंपनीचं नाव कुणीतरी कानशीने घासून टाकलंय. "११० व्होल्ट, ६० सायकल्स" एवढंच वाचता येतं. हर्ट्झ हे एकक १९६० साली आंतरराष्ट्रीय पद्धतीत आलं, त्यामुळे "सायकल्स" लिहिलेला हा पंखा त्याच्या आगेमागेचा किंवा बराच आधीचा असावा. माझा अंदाज बराच आधीचा.

घेताना मी काय पाहिलं तेही सांगते, म्हणजे कुठे चुकले ते कळेल. विकणारा म्हणाला चालू आहे, पण चालवून दाखवायला तिथे लाइट नव्हती. मी हाताने फिरवून पाहिला, सुरळीत फिरला. शाफ्ट वर-खाली आणि आडवा ओढून पाहिला, खेळ लागला नाही. पात्यांच्या मुळाशी, स्क्रूभोवती तडे नव्हते. मग वरचा, वायरींचे जोड झाकणारा कप उघडायचा राहिलाच. घरी आणून उघडला तर आत चिकटपट्टीचे तीन थर गुंडाळलेले जोड, आणि मोटरमधून आलेल्या वायरींचं सुती वेष्टन बोट लागताच भुग्यासारखं गळून पडलं. खालची तांब्याची तार उघडी, काळी पडलेली. तो क्षण फार वाईट होता. ही वायर चालू पुरवठ्याला जोडली असती तर सगळी बॉडी जिवंत झाली असती.

तेलाची वाटी सोडवायला दोन दिवस लागले. गंज सोडवणारं तेल घालून ठेवलं, मधूनमधून हलकी ऊब दिली, मग आटा सुटला. आत तेल नव्हतंच, डांबरासारखा काळा, चिवट लगदा होता. तो काडीने काढताना तळाशी काहीतरी टक्‌कन लागलं. पुसून पाहिलं तर पोलादी गोळी, वाटाण्याएवढी, आणि इतक्या वर्षांनंतरही आरशासारखी. सगळ्या पंख्याचं फिरतं वजन त्या एका गोळीवर उभं असतं, हे वाचलेलं होतं. हातात घेतल्यावर मात्र बराच वेळ तिच्याकडे बघतच राहिले.

मोटर उघडली तेव्हा प्रत्येक पोलच्या एका कडेला तांब्याची जाड कडी बसवलेली दिसली. म्हणजे शेडेड पोल, या कड्यांच्या जोरावरच सुरू होणारी मोटर. कंडेन्सर नाही, कधी नव्हताही. पोल मोजले, १८ भरले. वाइंडिंगवर लाखेचं गडद तपकिरी वॉर्निश आहे, ते कुठे जळलेलं नाही आणि जळका वासही नाही. म्हणूनच ते काढून फेकायला मन घेत नाही. त्या काळी ज्या कुणी हे हाताने भरलं त्याचे वेढे इतके सरळ, ओळीत आहेत की ते कापायचे म्हणजे पंख्याचा गाभाच काढून टाकायचा.

आणखी तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

आमचा पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला की काम झालं, असं एकाने सांगितलं. ६० सायकल्सचं काय?

पात्यांच्या हातांवर १ ते ४ आकडे ठोकलेले आहेत, तसेच पात्यांच्या पाठीवरही. ३ आणि ४ आपसांत बदललेली निघाली. ती जागेवर आणली, पण वजनं केली तर ४१२, ४१५, ४१३ आणि चौथं ४३१ ग्रॅम. चौथं घासून हलकं करू का?

आणि रंग. कुणीतरी सरसकट चंदेरी रंग फासलाय, वाटीच्या निकेलवरसुद्धा. एका जागी पोपडा उडालाय, तिथे खाली काळाभोर जपान रंग (जुन्या पद्धतीचा चकचकीत काळा लेप) आणि त्यावर केसाएवढी सोनेरी रेघ दिसतेय. ती रेघ मला वाचवायची आहे.

प्रतिसाद

ताई, वाइंडिंगला अजिबात हात लावू नका. आधी बाहेर येणाऱ्या वायरी सोडवा. त्या ज्या भोकातून बाहेर पडतात तिथेच बहुतेक वेळा लीकेज असतं. वायरी बॉडीपासून अधांतरी धरून पुन्हा मेगर लावा आणि आकडा सांगा.

आणखी एक. वायरींवर पांढरट तंतूंचं वेष्टन असेल तर ते अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं घासू नका, फुंकर मारू नका. रंगाचंही तेच. जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते. पॉलिश पेपर लावायचाच तर ओला लावा आणि मास्क घाला.

प्रतिसाद

मी असे अकरा पंखे उभे केले आहेत, त्यातल्या दोघांचंच वाइंडिंग बदलावं लागलं. ०.४ हा आकडा मेलेल्या वाइंडिंगचा नाही, ओल धरलेल्या वाइंडिंगचा आहे. सुती वेष्टन, कागद आणि लाख वर्षानुवर्षं हवेतली ओल पीत राहतात. साधारण १९७० पूर्वीच्या वाइंडिंगसाठी पाळला जाणारा किमान आकडा असा: किलोव्होल्टमध्ये जेवढा दाब, अधिक १ मेगओहम. म्हणजे तुमच्या पंख्याला किमान १.१ हवा. मी स्वतः ५ च्या खाली पंखा टांगत नाही.

वाळवायची पद्धत. पत्र्याची पेटी घ्या, तळाशी एक फिलामेंटचा बल्ब, वर जाळीवर स्टेटर (मोटरचा वाइंडिंग असलेला, न फिरणारा भाग), झाकण थोडं उघडं, कारण ओल बाहेर पडायला वाट हवी. आत थर्मामीटर ठेवा आणि ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, लाख त्यापुढे मऊ पडायला लागते. स्पिरिटने धुण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आणि पेटी चालू ठेवून घराबाहेर जाऊ नका, झोपू नका. वाळवणी रोज थोडी थोडी झाली तरी चालते.

व्होल्टेजबद्दल ज्याने सांगितलं ते अर्धंच बरोबर आहे. ६० सायकल्सची मोटर ५० वर चालवताना व्होल्टही त्याच प्रमाणात उतरवावे लागतात. ११० गुणिले ५० भागिले ६०, म्हणजे साधारण ९२. पूर्ण ११० दिले तर लोखंडातलं चुंबकत्व एक पंचमांशाने वाढतं, करंट चढतो, पंखा घूं घूं आवाज करतो आणि तापतो. तुमचं वाचलेलं वाइंडिंग तिथे जळेल. ९२ वर गती थोडी कमी मिळेल. १८ पोलला ६० वर सिंक्रोनस गती (मोटरमधलं चुंबकक्षेत्र फिरतं ती गती) मिनिटाला ४०० फेरे, ५० वर ३३३. प्रत्यक्षातली गती याहून कमीच असते. या पंख्यांची पाती मोठी असतात, वारा भरपूर येतो. ट्रान्सफॉर्मर दोन वेगळ्या वाइंडिंगचा घ्या, एकाच वाइंडिंगचा ऑटो घेऊ नका. रेग्युलेटरने २३० चे ९२ करायला तर मुळीच जाऊ नका.

पातं घासू नका. चौथ्या पात्याने ओल धरलेली असू शकते, स्टेटरसारखंच त्यालाही कोरड्या जागी दोनतीन आठवडे पडू द्या, मग वजन करा. आणि नुसतं वजन पाहून भागत नाही. प्रत्येक पातं पट्टीच्या धारेवर आडवं ठेवून त्याचा तोलबिंदू मुळापासून किती अंतरावर येतो ते मोजा आणि त्यात शाफ्टच्या मध्यापासून पात्याच्या मुळापर्यंतचं अंतर मिळवा. वजन गुणिले अंतर हा गुणाकार चारही पात्यांचा जुळायला हवा. फरक उरला तर हलक्या पात्यांच्या पाठीवर शिशाची छोटी चकती लावता येते, ती पुन्हा काढताही येते. घासलेलं लाकूड परत येत नाही.

तेल डिटर्जंट नसलेलं, पातळ. गाडीच्या इंजिनातलं नको. त्यातली रसायनं मळ तरंगत ठेवतात. इथे गाळणी नाही, मळ तळाशी बसलेला बरा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. वायरी सोडवून मोजलं. ०.४ चे ०.६ झाले, म्हणजे भोकापाशी थोडं लीकेज होतंच. वेष्टन सुतीच आहे, तसे पांढरट तंतू नाहीत.

मग पेटी केली. आणि आता घाबरले आहे. ५८ अंशांवर तीन तास ठेवून गरम असतानाच मोजलं तर आकडा ०.०८ वर आला. मी बल्ब बंद केला. काही बिघडवलं का?

प्रतिसाद

काही बिघडलं नाही, बल्ब चालू करा. तापमान १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचा आकडा ढोबळमानाने निम्मा होतो. ३० वरून ६० वर गेलात की आठवा हिस्सा. त्याशिवाय खोलवरची ओल आता कुठे हलायला लागली आहे. आकडा आधी पडतो, काही काळ तळाशी रेंगाळतो, मग चढतो. तो चढून स्थिरावेपर्यंत थांबायचं. दर तासाला वेळ, तापमान आणि आकडा लिहून ठेवा.

धागाकर्ती

आज सहावा दिवस. वही समोर आहे, तीच उतरवते. पहिला दिवस ०.०८. दुसरा दिवस दिवसभर ०.१ च्या आसपास. तिसऱ्या दिवशी दुपारी ०.३, आणि मला पहिल्यांदा विश्वास वाटला. चौथा दिवस १.४. काल ५.८, आणि आज सकाळपासून चार तास ६ वरच उभा आहे. संध्याकाळी पूर्ण गार झाल्यावर मोजला: ४५ मेगओहम. एक वेढाही कापावा लागला नाही.

बाहेरच्या वायरी नव्या घातल्या, कापडी वेष्टनाच्याच, पण आतून काचतंतूची स्लीव्ह चढवली. मूळच्या दोनच वायरी होत्या, आता बॉडीला अर्थिंगची तिसरी जोडली आहे. हवेत सुकणारं इन्सुलेटिंग वॉर्निश आधी एका कोपऱ्यात लावून पाहिलं, खालची लाख उचलली गेली नाही, मग सगळीकडे एकच पातळ हात दिला. ते पक्कं सुकू दिलं.

धागाकर्ती

काल रात्री पाती न लावता, जमिनीवरच्या चौकटीला टांगून, आधी सिरीज बल्ब लावून (पंख्याच्या वायरीतच एक बल्ब जोडून, म्हणजे आत शॉर्ट असेल तर तो भडकतो) चालवला. बल्ब मंद लागला, भडकला नाही. मग बल्ब काढून ९२ व्होल्ट दिले. सुरुवातीला अगदी सावकाश, विचार केल्यासारखा निघाला, आणि मिनिटभरात गती घेतली. आवाज जवळजवळ नाहीच. वाटीला कान लावला तर तेलाची बारीकशी चुळचुळ ऐकू येते. तासाभराने बॉडीवर हात ठेवला, नुसती कोमट होती.

छताला लावायला अजून वेळ आहे. एवढ्या वजनाला स्लॅबमधल्या सळईत अडकवलेला हुक हवा, तो तपासून घेणार आहे. शिवाय रॉडच्या कॉटर पिनांवर न विसंबता वेगळा तारेचा दोर घालणार आहे. चौथं पातं १९ दिवसांत ४३१ वरून ४२२ वर आलंय, ते आणखी पडू देते.

रंगाचा प्रश्न मात्र तसाच आहे. चंदेरी थर बांबूच्या काडीने उचलता येतो, नखाएवढा भाग साफ करायला अर्धा तास लागतो आणि खालची रेघ शाबूत राहते. रंग काढायचं रसायन लावलं तर दोन्ही थर जातात, हे कपाच्या आतल्या बाजूला करून पाहिलं. जपान रंगाला धक्का न लावता वरचा थर सैल करायची एखादी पद्धत कुणी वापरली असेल तर सांगा. नाहीतर काडी आहेच.