कॅनडातला वणवा : सोसायटीच्या ग्रुपवरून

शोभाताई (बी-२०३): धाकटी एडमंटनला असते. बाहेर इतका धूर आहे की दारंखिडक्या लावून बसली आहे म्हणे. जिथे सहा महिने बर्फ, तिथलं जंगल पेटतं कसं?

वानखेडे काका (ए-१०१): आपल्याकडे मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तिथून वणवा लागते. तिकडे कोण लावून राहिलं?

मीनल (सी-४०१): काका, तिकडे सगळ्यात जास्त जंगल जळतं ते विजेनं लागलेल्या आगीत. आता बर्फ लवकर वितळतो, खालचा शेवाळ-पाला वाळून कोळ होतो, मग एक वीज पुरते. २०२३ मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टरच्या आसपास जळलं. म्हणजे जवळजवळ अर्धा महाराष्ट्र! येलोनाइफ शहर रिकामं करावं लागलं होतं. त्या आगींतून जेवढा कार्बन हवेत गेला, तेवढा चीन, अमेरिका आणि भारत सोडले तर कोणताच देश वर्षभर इंधन जाळून सोडत नाही.

राजूभाऊ (बी-१०४): पण मीनलताई, थंडी थोडी कमी झाली तर झाडांना बरंच ना? वाढ होईल.

मीनल: नाही हो भाऊ. त्या जंगलाची राखण थंडीच करत होती. पाइनच्या सालीखाली एक भुंगेरा अंडी घालतो, तांदळाच्या दाण्याएवढा. पारा उणे ३५-४० अंशांपर्यंत उतरून काही दिवस तिथेच राहिला की त्याच्या अळ्या मरायच्या. हिवाळे सौम्य झाले, अळ्या वाचू लागल्या आणि १९९० च्या दशकापासून ब्रिटिश कोलंबियात पाइनची जंगलंच्या जंगलं उभ्या उभ्या वाळली. अलास्का-सायबेरियात तर जमिनीखालचा कायमचा गोठलेला थर सैल पडतोय, त्यावरची झाडं कलंडतात. सायबेरियात वेर्खोयान्स्कला २० जून २०२० रोजी ३८ अंश नोंदले गेले. आर्क्टिक वर्तुळाच्या आत!

वानखेडे काका: भुंगेऱ्याचं पटलं. आम्ही वनखात्यात होतो तेव्हा मध्य प्रदेशात मंडला-दिंडोरीकडे सालबोरर भुंगेऱ्यानं सालवृक्षाची झाडं पोखरली होती. खोडं कापून, ठेचून ठेवायचे, रसाच्या वासानं भुंगे येत. गावचे लोक ते वेचून देत, नगावर पैसे मिळत. बरं, आगीनंतर ते जंगल परत येते ना?

मीनल: यायचं, काका. ब्लॅक स्प्रूस हे तिकडचं सूचिपर्णी झाड. त्याची बोंडं आगीच्या धगीनं भराभर उघडतात, बी खाली पडतं. पण नवी झाडं बी धरायच्या आत दुसरी आग आली तर? बी नाही, स्प्रूस नाही. तिथे बर्च-अ‍ॅस्पेनसारखी रुंद पानांची झाडं येतात, नाहीतर नुसतं झुडूप. मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते. जळलेलं दिसतं तरी, बदललेलं पटकन दिसत नाही.

शोभाताई: बर्फ पडला की विझेल, असं ती म्हणते.

मीनल: वरची विझेल, ताई. खाली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळ-पाल्याची माती असली तर तिच्यातली आग बर्फाखाली हिवाळाभर धुमसते आणि उन्हाळा लागला की पुन्हा वर येते. धाकटीला बाहेर पडताना एन-९५ मास्क लावायला सांगा. कापडी मास्कनं हा बारीक धूर अडत नाही.