मदत हवी आहे: शिवण पुढून झकास, मागून वाकडी! (रविवारच्या आत)

खटपट्या
चामड्याचं पाकीट हाताने शिवतोय. पुढून बघाल तर टाके एकसारखे तिरके, एका ओळीत. उलटं केलं की रडू येतं. मागे काही टाके सरळ, काही तिरके, मधूनच एखादा भलतीकडेच ओढल्यासारखा. तीनदा उसवलं, तीनदा शिवलं. धाग्याचं मेण जाऊन त्याची दाढी झाली आहे. रविवारी भावाला द्यायचंय. काय चुकतंय ते सांगा. "सराव करा" हे कृपया सांगू नका, पहिलं पाकीट नीट झालं होतं.

दोन_सुया
एक सुई की दोन? भोकं कशाने पाडलीत? आणि प्रत्येक टाक्याला आधी कुठल्या हाताची सुई घालता?

यंत्रप्रेमी
इतका त्रास कशाला? चामड्याचं शिलाई मशीन घ्या. दहा मिनिटांत पाकीट, दोन्ही बाजू सारख्या. मी हाताने शिवणं केव्हाच सोडलं.

खटपट्या
दोन सुया. तिरक्या दातांचं प्रिकिंग आयर्न (हातोडीने ठोकून ओळीत भोकं पाडायचं दातेरी हत्यार), ३ मिमी अंतराचं. कधी आधी उजवी, कधी डावी, जी हातात येईल ती. मशीन नको आहे.

दोन_सुया
सापडलं. "जी हातात येईल ती" हेच दुखणं. सॅडल स्टिच म्हणजे दोन्ही बाजूंनी एकाच वेळी घातलेला धावदोरा. भोक तिरकं असतं, त्यात दोन धागे जातात. एक वर राहतो, एक खाली. हा क्रम प्रत्येक भोकात तोच राहिला तर टाके एका दिशेला झुकतात, बदलला की तो टाका सरळ होतो. म्हणून दर वेळी तीच सुई आधी. दुसरी सुई पहिल्या धाग्याच्या कायम त्याच बाजूने. मागचे टाकेही तिरके हवे असतील तर ओढण्याआधी धाग्याचा एक वळसा सुईवरून टाका. आणि दोन्ही हातांनी सारखंच ओढा.

सुयांची टोकं बोथट आहेत ना? टोकदार सुई आधीच्या धाग्यातून आरपार जाते, मग तो टाका ओढला जात नाही आणि उसवतही नाही.

निवांत
चामडं कुठलं आहे हे खटपट्यांनी लिहिलंच नाही. क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असेल तर कडा घासून कधीच चमकणार नाहीत, कितीही पाणी लावा न् लाकूड फिरवा. त्याला कडेचा रंगच लावावा लागतो. व्हेज टॅन, म्हणजे झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं असेल तर आधी ४०० चा, मग ६०० चा पॉलिश पेपर, मग किंचित ओलावा, मग घासणं. तेल आधी लावू नका, तेलकट कड चमकत नाही.

खटपट्या
कडांबद्दल मी काही विचारलंय का? भीक नको पण कुत्रं आवर. व्हेज टॅन आहे.

लोहार
व्हेज टॅन म्हणून विकलेलं सगळं व्हेज टॅन नसतं. छोटा तुकडा जाळून बघा, राख हिरवट आली तर क्रोम.

निवांत
जाळायला सांगू नका हो कुणाला. क्रोम टॅन चामडं जाळलं की त्यातलं साधं क्रोमियम षटसंयुजी, म्हणजे विषारी होऊ शकतं, आणि तो धूर नाकाशी घेऊन लोक बसतात. कापलेली कड बघा, आतून निळसर राखाडी दिसली तर क्रोम. किंवा मागच्या बाजूला पाण्याचा थेंब टाका. व्हेज टॅन तो पटकन पितं आणि तिथे गडद होतं.

लोहार
नखाएवढ्या तुकड्याने कोणी मरत नाही. खिडकी उघडी ठेवायची.

आरीवाला
ही आयर्नं घेऊन लोक फसतात. आयर्नने वरच्या थरावर फक्त खुणा करायच्या, आरपार ठोकायचं नाही. भोक आरीने, टाका घालता घालता, एकेक. धारदार आरी, हिऱ्याच्या आकाराची, क्रोमियम ऑक्साइड लावलेल्या चामड्याच्या पट्टीवर रोज फिरवलेली. सगळे थर एकदम टोचले जातात, भोक लहान राहतं, टाका गच्च बसतो. मी गेली कित्येक वर्षं असंच करतो.

दोन_सुया
आरी सरळ धरता येईपर्यंत मागची ओळ सापासारखी जाते, हेही लिहा ना. नवख्याला आरी देणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आरीवाला
आयर्न तिरपं ठोकलं तरी सापच होतो. कोपर अंगाला टेकवा, नजर आरीच्या रेषेत ठेवा, आठवड्यात जमतं. नाचता येईना अंगण वाकडं.

खटपट्या
भांडण नंतर करा. काल रात्री दोन_सुया म्हणतात तसं केलं, दर वेळी उजवी आधी. थोडा फरक पडला, पण पाच-सहा टाक्यांनी एखादा तरी वाकडाच. शिवाय प्रत्येक सुई पक्कडीने ओढावी लागते. बोटं सोलली.

मेणबत्ती
पक्कड?! एवढं घट्ट का जातंय? धागा किती जाड? थर किती? आणि पहिल्या पाकिटाला पक्कड लागली होती का?

खटपट्या
धागा ०.६ मिमी, पॉलिस्टर. तळाशी चार थर, साडेचार मिमी होतील. पहिल्याला पक्कड लागली नव्हती, पण ते दोनच थरांचं होतं. चार थरांतून आयर्न आरपार जात नव्हतं, म्हणून या वेळी पुढच्या भागाला वेगळी भोकं पाडली, मागच्याला वेगळी, मग भोकं जुळवून चिकटवलं.

यंत्रप्रेमी
मशीनला जुळवाजुळव लागत नाही.

मेणबत्ती
थांबा थांबा. मागच्या भागाला भोकं पाडताना आयर्न कुठल्या बाजूने ठोकलं? गुळगुळीत की खरखरीत?

खटपट्या
गुळगुळीत. दोन्हीकडे गुळगुळीतच. चांगली बाजू वर ठेवायची हे तर उघडच आहे ना.

मेणबत्ती
हीच तर गोम! हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं. कागदावर उजवीकडे झुकलेली रेघ काढा, कागद उलटून उजेडात धरा. रेघ डावीकडे झुकलेली दिसेल. तुमच्या पुढच्या भागाची भोकं एकीकडे झुकलीत, मागच्याची आतून पाहिलं तर बरोब्बर उलटीकडे. पाठीला पाठ लावून चिकटवलंत, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी भोकांची फुली झाली आहे. सुईला वाट फक्त फुलीच्या मधल्या ठिपक्याएवढी. म्हणून पक्कड. धागा आत अडकला की मागे जसा निघेल तसा निघतो, क्रम कितीही पाळा.

भाग वेगळे टोचायचे असतील तर मागचा भाग खरखरीत बाजूने टोचायचा. नाहीतर उलट्या तिरकेपणाचं आयर्न वेगळं मिळतं, ते मागच्यासाठी वापरायचं. सगळ्यात सोपं म्हणजे आधी चिकटवून मग एकत्र टोचणं, आणि आयर्न जिथे पोचत नाही तिथे आरी. आरीवाले, तेवढ्यापुरतं तुमचं खरं.

आरीवाला
तेवढ्यापुरतं!

दोन_सुया
मेणबत्ती, दंडवत. माझं लक्षच गेलं नाही तिकडे. तरी सुईचा क्रम पाळाच.

खटपट्या
अरे देवा. आता चिकटवलेलं सोडवू का? मागचा भाग पुन्हा कापायला चामडं उरलेलं नाही.

मेणबत्ती
कॉन्टॅक्ट सिमेंट (दोन्ही भागांना लावून दाबायचा पक्का गोंद) असेल तर सोडवू नका, चामड्याचा थर उचकटून येतो. गोल, निमुळता टोचा घ्या आणि प्रत्येक फुलीतून आरपार फिरवून भोक गोल करा. मग धागा ०.८ मिमी घ्या, म्हणजे भोक भरून दिसेल. तिरके टाके विसरा, दोन्हीकडे सरळ येतील, पण सारखे येतील. उसवलेला धागा पुन्हा नको. नवा, मेणाचा, शिवणीच्या लांबीच्या चौपट कापा, जाड थर आहेत म्हणून वर हातभर. शेवटी दोन-तीन टाके मागे येऊन टोक कापा आणि लायटरने हलकेच वितळवा, पॉलिस्टर आहे म्हणून चालतं. लिननला हे करू नका, जळेल. मग शिवणीवर गुळगुळीत हातोडी हलक्या हाताने.

नवाशिका
वाचनखूण साठवली. माझ्या बॅगेला पावसाळ्यात बुरशी येते, त्यावर काही उपाय?

निवांत
नवाशिका, चर्चेचा वेगळा धागा काढा. (कोरड्या कापडाने पुसा, वारा लागू द्या, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका.)

खटपट्या
झालं! पक्कड लागली नाही. पुढचे टाके आता पहिल्यासारखे देखणे नाहीत, सरळसोट आहेत, पण उलटं करून दाखवायला लाज वाटणार नाही. सगळ्यांचे आभार, यंत्रप्रेमींचेसुद्धा.

आता नवीनच. शिवण बसावी म्हणून जरा ओलं करून रात्रभर लोखंडी चिमट्यात दाबून ठेवलं होतं. सकाळी चिमट्याच्या जागी निळसर काळा डाग. घासून जात नाही. उद्या रविवार आहे!

लोहार
हे माझं खातं. व्हेज टॅनमधलं टॅनिन आणि ओलं लोखंड भेटलं की काळंच होणार, काही लोक मुद्दाम असा काळा रंग चढवतात. लिंबाचा रस पाण्यात मिसळून कापसाने डागावर टिपा, थोडं थांबा, मग साध्या ओल्या फडक्याने नीट पुसा. आधी उरलेल्या कातरणीवर करून बघा.

खटपट्या
कातरण उरलेली नाही हो. आतल्या कप्प्यात करून बघतो.