ऑक्सफर्डच्या वेशीवरचा पब : माळकरी पत्नीला सोबत न्यावे का?

गोदाकाठ (नाशिक)
येत्या मे महिन्यात आम्ही उभयता मुलाकडे ऑक्सफर्डला जात आहोत. त्याच्या वरिष्ठ सहकाऱ्यांनी एका रविवारी दुपारी शहराबाहेरच्या बिन्सी गावातील ‘द पर्च’ या गवताने शाकारलेल्या जुन्या पबमध्ये आम्हा तिघांना जेवायला बोलावले आहे. मी स्वतः क्वचित, तेही पाहुण्यांना घेऊन गंगापूर रस्त्यावरच्या वायनरीत गेलो तरच, थोडी वाइन घेतो. पण सौभाग्यवती माळकरी आहेत. त्यांनी अशा ठिकाणी यावे का, आणि आल्यास काय घ्यावे, हे जाणकारांनी सांगावे.

सातपूरकर
वहिनींना अवश्य न्यावे. परमिट रूम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काळ्या काचा आणि पुरुषांची गर्दी येते. गावाकडच्या पबमध्ये मात्र रविवारी दुपारी आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे कुटुंब जेवायला आलेले असते आणि एखाद्या टेबलाखाली कुत्राही निवांत झोपलेला असतो. २००७ पासून इंग्लंडमध्ये अशा जागी आत धूम्रपानाला बंदी असल्याने धुराचाही त्रास नाही. न पिणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही. एल्डर या झुडपाच्या फुलांचे सरबत (एल्डरफ्लॉवर) मागवले की झाले.

शक्य असल्यास मोटारीने न जाता जेरिको भागातून पोर्ट मेडोचे कुरण ओलांडून, पुढे थेम्सच्या काठाने चालत जावे. कुरणात गाई आणि घोडे मोकळे चरत असतात, त्यामुळे पायाखाली पाहून चालावे लागते, हे वहिनींना आधीच सांगून ठेवा.

पंचवटीची लेक
काका, खरी अडचण दारूची नसून ताटातली आहे. रविवारच्या ‘रोस्ट’मध्ये, म्हणजे एरवी भाजलेल्या मांसाच्या पारंपरिक जेवणात, शाकाहारी म्हणून सुकामेव्याचा भाजलेला वडीसारखा पदार्थ पुष्कळ ठिकाणी मिळतो, परंतु सोबतचे बटाटे प्राण्याच्या चरबीत भाजलेले असू शकतात, वरचा रस्सा बहुधा मांसाच्या अर्काचा असतो आणि यॉर्कशायर पुडिंग या पिठाच्या भाजलेल्या फुगीर पदार्थात अंडे असतेच. मासे तळलेल्या तेलातच चिप्स तळतात का, हेही विचारून घ्यावे. असे विचारण्यात तेथे कोणाला वावगे वाटत नाही. मात्र टेबल राखून ठेवतानाच मुलाने हे कळवले, तर ऐनवेळी यजमानांना अवघडल्यासारखे होणार नाही.

आपल्यासाठीही एक सूचना. हातपंपाने ओढून देतात ती पिंपातली एल (एक प्रकारची बिअर) नितळ करण्यासाठी परंपरेने माशाच्या वाताशयापासून केलेला आयझिनग्लास वापरतात. सर्वच कारखाने आता तो वापरत नाहीत, पण आपण शाकाहारी असाल तर चौकशी करावी.

गोदाकाठ
माशाचे ऐकून मीही सरबतावरच यावे असे वाटू लागले आहे! पैसे देण्याची पद्धत कशी असते?

सातपूरकर
पेये बहुतेक पबमध्ये काउंटरवर जाऊन आणावी लागतात आणि एका खेपेला एकाने सर्वांसाठी आणायची, अशी रीत आहे. जेवणाचे यजमान देतील. पेयांची पहिली खेप आपण उठून आणलीत, तर त्यांना बरे वाटेल. एल घेतलीच तर अर्धा पाइंट पुरे, कारण पूर्ण पाइंट ५६८ मिलिलिटरचा असतो.

पंचवटीची लेक
आणि काका, त्या रविवारी एकादशी नाही ना, हे पंचांगात पाहूनच होकार कळवा. वरईचे तांदूळ तेथे कोणी रांधणार नाही.