मदत हवी आहे: आईसाठी अपिक्साबॅन की रिव्हारोक्साबॅन?

निखिल_सांगली
आईला एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके, त्यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका) निघालंय, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सांगितली आहे. एका डॉक्टरांनी अपिक्साबॅन ५ मिग्रॅ दिवसातून दोनदा दिली, दुसऱ्यांनी रिव्हारोक्साबॅन २० मिग्रॅ एकदा. दोन्ही गोळ्या समोरासमोर ठेवून केलेली ट्रायल मला सापडली नाही, म्हणून २०११ च्या दोन वेगवेगळ्या ट्रायल वाचल्या, अॅरिस्टॉटल आणि रॉकेट-एएफ. वर्षाला मोठा रक्तस्राव अॅरिस्टॉटलमध्ये अपिक्साबॅनवर २.१३ टक्के, रॉकेट-एएफमध्ये रिव्हारोक्साबॅनवर ३.६. म्हणजे अपिक्साबॅनच ना? लवकर सांगा, अजून एकही सुरू केलेली नाही.

मंदार७७
वय? वजन? क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी)? हृदयाच्या झडपेचं काय? बाकी गोळ्या कोणत्या?

रेवती_ताई
माझे मामा कित्येक वर्षं वॉरफेरिनवर, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळीवर, ठणठणीत आहेत. महिन्याला आयएनआर (रक्त किती पातळ झालं याची तपासणी) केलं की झालं. नव्या गोळ्यांवर कशाला पैसे घालवायचे?

मंदार७७
ताई, प्रश्न वॉरफेरिनचा नाहीच. आणि दर महिन्याला आयएनआरला नेणार कोण?

गणित_शिक्षक
निखिल, २.१३ आणि ३.६ अशी थेट तुलना करू नका. रॉकेटमधल्या निम्म्याहून जास्त रुग्णांना आधी पक्षाघात किंवा त्याचा छोटा झटका येऊन गेला होता, अॅरिस्टॉटलमध्ये साधारण पाचातल्या एकाला. दोन्हीकडे दुसऱ्या गटाला वॉरफेरिन होती, तोच दुवा धरा. अॅरिस्टॉटलमध्ये वॉरफेरिनवर ३.०९, म्हणजे अपिक्साबॅनने धोका ३१ टक्क्यांनी घटला. रॉकेटमध्ये वॉरफेरिनवर ३.४, म्हणजे रिव्हारोक्साबॅनने काहीच घटला नाही. कल अपिक्साबॅनकडेच जातो, पण हा अप्रत्यक्ष अंदाज आहे. रॉकेटमध्ये वॉरफेरिनवाल्यांचं आयएनआर योग्य पट्ट्यात राहण्याचं प्रमाणही कमी होतं, त्यामुळे दोन्हीकडची वॉरफेरिन सारखी धरता येत नाही.

विसुभाऊ
एवढं गणित कशाला? दोनदाची गोळी म्हातारी माणसं विसरतात. एकदाचीच द्या. आणि सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या.

मंदार७७
विसुभाऊ, रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत लसणाचा औषध म्हणून मारा नको. आणि रिव्हारोक्साबॅन २० भरपेट जेवणासोबतच घ्यावी लागते. उपवास करतात का आई?

निखिल_सांगली
संकष्टी, एकादशी, सगळं. वय ७६, वजन ५२, क्रिएटिनिन १.१ म्हणजे नॉर्मलच. झडप ठीक आहे. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी रोज, ती मेडिकलमधून स्वतःच आणते.

मंदार७७
रोज डायक्लोफेनॅक? डॉक्टरांना माहीत आहे? रक्तस्रावाच्या दृष्टीने दोन गोळ्यांमधल्या फरकाइतकंच हे महत्त्वाचं आहे.

गणित_शिक्षक
आणि १.१ नॉर्मल दिसतं, पण या वयाला आणि वजनाला कॉक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने क्लिअरन्स, म्हणजे किडनीचा रक्त गाळण्याचा वेग, मिनिटाला ३६ मिलीच्या आसपास येतो. रॉकेटमध्ये ३० ते ४९ क्लिअरन्सवाल्यांना रिव्हारोक्साबॅन २० नव्हे, १५ दिली होती. अपिक्साबॅन अर्धी करायला वय ८० किंवा जास्त, वजन ६० किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त यांतल्या दोन गोष्टी लागतात. तुमच्याकडे एकच आहे, म्हणून ५ बरोबर. हे आकडे दोन्ही डॉक्टरांसमोर ठेवा.

रेवती_ताई
गुडघ्यांसाठी आमच्याकडे मिरजेला चांगले ऑर्थोपेडिक आहेत, व्यनि (वैयक्तिक निरोप) करते.

निखिल_सांगली
डायक्लोफेनॅकचं कुणालाच सांगितलेलं नाही. पहिल्या डॉक्टरांची सोमवारची वेळ मिळाली आहे.

मंदार७७
सोमवारपर्यंत थांबू नका. आजच फोन करून क्लिअरन्स आणि डायक्लोफेनॅक दोन्ही सांगा, आणि त्यांच्या सल्ल्याने आजच गोळी सुरू करा. दोन गोळ्यांमधला फरक लहान आहे, गोळी घेणं आणि न घेणं यातला फार मोठा.