लेह सहल: पँगाँगचा मुक्काम शेवटी घ्या

केळकरकाका (ए-१०३): नमस्कार मंडळी. टूरवाल्यांकडून लेहचा कार्यक्रम आलाय. पहिल्या दिवशी सकाळच्या विमानाने लेह, दुपारी शांती स्तूप आणि राजवाडा. दुसऱ्या दिवशी पँगाँग तलावाकाठी मुक्काम, मग नुब्रा खोरं, मग परत. काही सुचवायचं असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा, उद्या ॲडव्हान्स भरायचाय.

मीनल (सी-२०१): मस्त! पँगाँग आधी झालं की बरं, सगळ्यांना तेच बघायचंय 😍

स्वाती (बी-४०४): काका, ॲडव्हान्स थोडा थांबवा, हात जोडून विनंती 🙏 हा क्रम धोक्याचा आहे. लेह साधारण ३,५०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच, आणि विमान आपल्याला एका सकाळीत तिथे नेऊन सोडतं. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोनतृतीयांश. पँगाँग तर ४,२०० मीटरच्याही वर. शरीर रुळायच्या आत तिथे रात्र काढली तर डोकेदुखी, उलट्या, आणि वाईटात वाईट म्हणजे फुप्फुसात पाणी. मध्यरात्री कुणाला धाप लागली तर चांग ला घाट ओलांडून लेहचं हॉस्पिटल गाठायला चार-पाच तास. आपल्यात सत्तरी ओलांडलेली मंडळी आहेत.

मीनल (सी-२०१): अगं पण नुब्राला जाताना खारदुंग ला घाट लागतोच ना? तो तर पँगाँगपेक्षा उंच!

स्वाती (बी-४०४): लागतो, ५,३५९ मीटर. पण तिथे आपण झोपत नाही. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, फोटो काढायचे आणि उतरायचं. पलीकडे नुब्रातली दिस्कित, हुंदर ही गावं लेहपेक्षाही खाली आहेत, ३,१०० मीटरच्या आसपास. रात्री किती उंचीवर झोपतो ते खरं महत्त्वाचं. म्हणून आधी लेह, मग नुब्रा, आणि पँगाँग अगदी शेवटी. नुब्राहून श्योक नदीच्या काठाने थेट पँगाँगला रस्ता आहे, त्यामुळे उलट फिरून यावंही लागत नाही.

प्रसाद (ए-२०४): पटतंय. पण सुरुवातीचे दिवस लेहमध्ये बसून करायचं काय?

स्वाती (बी-४०४): प्रसाददादा, पहिल्या दिवशी खरंच काही नाही. झोपा, गरम थुक्पा (नूडल्सचं सूप) प्या, जिने सावकाश चढा. संध्याकाळी बरं वाटलं तर मेन बाजारात बसा. आसपासच्या गावांतल्या बायका फुटपाथवर भाजी आणि जर्दाळू घेऊन बसतात. जर्दाळूच्या बिया फेकू नका, फोडल्या की आत बदामासारखा गर निघतो, पण कडू निघाला तर खायचा नाही.

दुसऱ्या दिवशी लवकर उठून थिकसेचा बौद्ध मठ. सकाळच्या प्रार्थनेला भिंतीला टेकून बसता येतं. लांबलचक शिंगं वाजतात, ढोलाचा ठोका छातीत जाणवतो आणि मधेच लहान लामा किटली घेऊन लोण्याचा खारट चहा वाढत येतात. मैत्रेय बुद्धाची मूर्ती दोन मजले उंच आहे, वरच्या मजल्यावरून चेहरा अगदी समोर येतो. मला लडाखमधली सगळ्यात आवडती जागा विचाराल तर हीच.

तिसऱ्या दिवशी श्रीनगर रस्त्याने खाली. निमूजवळ सिंधू आणि झंस्कार भेटतात, दोन रंगांचं पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहताना दिसतं. तरुण मंडळींनी झंस्कारमध्ये राफ्टिंग करावं. पुढे अलची. तिथलं गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, डोंगरावर नाही, गावातच सपाटीवर आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही जमेल. आतली भित्तिचित्रं आठ-नऊशे वर्षांपूर्वीची, काश्मिरी कलाकारांच्या शैलीतली. अंधारात डोळे सरावू द्या, मग एकेक आकृती दिसायला लागते. टूरवाल्यांनी अलची वगळलंय, ते मला अजिबात पटलेलं नाही. राजवाडा आणि शांती स्तूप यातल्याच एखाद्या संध्याकाळी होतील, पण पहिल्या दिवशी नको, दोन्हीकडे चढ आहे.

डॉ. वैशाली (ए-५०२): स्वातीशी पूर्ण सहमत. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असलेल्यांनी पैसे भरण्याआधी स्वतःच्या डॉक्टरांना विचारा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) एकमेकांचं बघून घेऊ नका, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बीपीच्या गोळ्या मनाने बंद करू नका. पहिले दोन दिवस दारू नको. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं.

जोशीकाकू (बी-१०१): आंघोळीला गरम पाणी मिळतं का गं? आणि नाक फार कोरडं पडतं म्हणतात.

स्वाती (बी-४०४): मिळतं काकू, पण एका बादलीत भागवूया. तिथे वर्षाला साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईत जुलैत तेवढा एका दिवसात होतो. लेहचं पाणी म्हणजे वितळलेला बर्फ आणि बोअरवेल, आणि उन्हाळ्यात पर्यटकांची हॉटेलं तेच उपसतात. शेतालाही तेच लागतं. प्लास्टिकच्या बाटल्याही विकत घ्यायला नकोत, घरून स्टीलच्या नेऊ. नाकाला आतून व्हॅसलीन लावा, मऊ राहतं. आणि हो, आपलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं.

केळकरकाका (ए-१०३): टूरवाल्यांशी आत्ताच बोललो. लेहला तीन रात्री, तिसऱ्या दिवशी अलची, मग नुब्राला दोन रात्री, शेवटी पँगाँग आणि परत. दोन दिवस वाढतील, त्याप्रमाणे खर्चही वाढेल. नवा कार्यक्रम आणि दर लेखी आल्याशिवाय ॲडव्हान्स भरणार नाही. ज्यांच्याकडे पोस्टपेड आहे त्यांनी नंबर मला पर्सनलवर पाठवा, प्रत्येक गाडीत एक तरी हवा.