जुनी सुपरमार्केटं पाडायची की वापरायची?

ओहायोकर
काल इथे एकांनी ठोकून दिलं, की अमेरिकेतल्या लहान गावांतली साठ-सत्तरच्या दशकातली सुपरमार्केटं आणि लाल छपराची पिझ्झा हट म्हणजे निव्वळ अडगळ, पाडून मोकळे व्हा. हे वाचून गप्प बसवेना.

कुठे बघायचं तेच ठाऊक नसेल तर दिसणार काय? दर्शनी भाग सोडा, तो सतत बदलतात. बाजूच्या आणि मागच्या भिंतींना सहसा कुणी हात लावत नाही. विटांत ओळीने बुजवलेली भोकं दिसली की तिथे पाटीची अक्षरं होती. आजूबाजूच्या विटा उन्हाने विटतात, अक्षरांखालच्या गडद राहतात, म्हणून कित्येकदा जुनं नाव वाचताही येतं. ए अँड पी ही किराण्याची साखळी २०१५ मध्ये दिवाळखोरीत बंद पडली, तरी छपरावर छोटा मनोरा असलेली तिची दुकानं लगेच ओळखू येतात. पिझ्झा हटचं रिचर्ड बर्कने आखलेलं छप्पर कुठल्याही रंगाने रंगवा, वरचा उंचवटा लपत नाही. सेफवे या सुपरमार्केट साखळीचं सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागातलं दुकान १९५९चं: कमानदार छप्पर, समोर सलग काच. पुढे तोच साचा गावोगाव गेला. याला अडगळ म्हणायचं?

हिशेबी
ते मीच लिहिलं होतं आणि आजही तेच म्हणतो. तुम्ही भिंती बघता, दुकानदाराला बिल बघावं लागतं. उघड्या शीतकपाटांतली गार हवा दुकानातल्या वाटेत सांडते, कॉम्प्रेसर दिवसरात्र चालतो. जुन्या शीतयंत्रांतल्या आर-२२ वायूचं उत्पादन आणि आयात अमेरिकेत २०२० पासून बंद. गळती झाली की जुन्या यंत्रांतून काढून शुद्ध केलेल्या वायूवर भिस्त. दुरुस्तीच्या खर्चावर २० टक्के करसवलत आहे, पण इमारत ऐतिहासिक म्हणून नोंदलेली हवी, आणि दुरुस्तीचा खर्च जमीन व घसारा वजा जाता उरलेल्या किमतीहून जास्त हवा. गावातला वाणी हे पैसे कुठून आणणार?

फरशीवेडा
यंत्रं बदलता येतात हो, फरशी गेली की गेली. प्रवेशद्वाराशी किंवा मांडण्या हलवल्यावर जस्ताच्या वा पितळेच्या पट्ट्या दिसल्या की खाली टेराझो आहे, म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवरी खडी घालून घासलेली फरशी. वरच्या टाइल उचका, काळा गोंद ग्राइंडरने घासा, खाली सोनं सापडेल.

सुलभा_टी
थांबा! हा सल्ला कुणी ऐकू नका. ९ इंची जुन्या टाइलमध्ये अॅस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक खनिज तंतू) असण्याची शक्यता मोठी, खालच्या काळ्या डांबरी गोंदातही. टाइल अखंड असेल तर धोका कमी. ग्राइंडर लावला की तंतू हवेत. आधी पाणी मारून छोटा तुकडा काढा, पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत द्या. व्यापारी इमारतीत मोडतोडीआधी तपासणी कायद्यानेच लागते. १६० चौरस फूट किंवा जास्त धूळ होण्याजोगा अॅस्बेस्टॉसचा माल निघणार असेल तर आगाऊ सूचना आणि कामाचे नियम वेगळे.

फरशीवेडा
१२ इंची टाइलला तरी घासायला हरकत नाही ना?

सुलभा_टी
आहे, हरकत आहे! आकारावरून सुटका नाही, १२ इंचीतही सापडतो. लोकांच्या फुप्फुसांवर प्रयोग करू नका. बहुतेक वेळा शहाणपण यातच, की वरून नवी फरशी टाकायची आणि जुनी तशीच ठेवायची.

फरशीवेडा
ग्राइंडरचं मागे घेतो. पण झाकून टाकणं म्हणजे जपणं नव्हे. टाइल रीतसर काढून घेतल्या तरी शीतकपाटांच्या पाइपांचे चर सिमेंटने भरलेले निघतात. तिथे जुन्या रंगाची संगमरवरी खडी आणून ओतायची, वाळल्यावर टप्प्याटप्प्याने घासायची. घाईत ओतलं तर ठिगळ कायम दिसतं.

ओहायोकर
विषय फरशी नव्हता! डाउनीचं मॅकडॉनल्ड बघा, १९५३ची इमारत, पिवळ्या कमानींसकट. १९९४ला बंद पडली, पाडायच्या गोष्टी झाल्या, लोकांनी आवाज उठवला, १९९६ला पुन्हा सुरू.

हिशेबी
डाउनी लॉस एंजेलिसला खेटून आहे, लहान गाव नव्हे. शिवाय ती शाखा मॅकडॉनल्ड बंधूंच्या करारातली होती, पुढे साखळी विकत घेणाऱ्या रे क्रॉकच्या कंपनीच्या नाही, म्हणून नूतनीकरणाची सक्ती लागू नव्हती. तिथे करारानेच इमारत वाचवली.

ओहायोकर
आधी करारामुळे टिकली, हे खरं. बंद पडल्यावर मात्र लोकांनीच तारली.

मिशिगनवाली
आणि कराराच्या दुसऱ्या बाजूचं काय? जागा विकताना कित्येक साखळ्या खरेदीखतात 'इथे पुढे किराणा नको' अशी अट घालतात. इमारत ठणठणीत, गावात दुसरं वाणसामान नाही, आणि दुकान वर्षानुवर्षं रिकामं. पाडा म्हणण्याआधी ते खत वाचा.

हिशेबी
ती अट मलाही पटत नाही. पण अट उठवली तरी शीतकपाटांना काचेची दारं आणि छपराला नवा थर लागणारच. ते कोण भरणार, हे अजून एकानेही सांगितलेलं नाही.