मदत हवी आहे: सर विल्यम ब्रूस यांचं काम कुठवर, गवंड्यांचं कुठून?

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी अर्ध्या तासाचं मराठी व्याख्यान तयार करतेय. विषय आहे स्कॉटलंडचे जमीनदार-वास्तुकार सर विल्यम ब्रूस (निधन 1710). 1675 मध्ये त्यांनी किनरॉसची जहागीर विकत घेतली आणि तिथे स्वतःसाठी घर बांधलं. घराचा आणि बागेचा मध्य-अक्ष थेट लॉख लेव्हन या तलावातल्या बेटावरच्या किल्ल्याकडे जातो, जिथे 1567-68 मध्ये स्कॉटलंडची मेरी राणी कैदेत होती. पडकी वास्तू बागेच्या दृश्याचा शेवट म्हणून वापरण्याची ही कल्पना मला विलक्षण वाटते. व्याख्यानाचा गाभा तोच आहे.

अडचण एडिंबरोच्या होलीरूड राजवाड्यापाशी आहे. 1671 पासूनच्या पुनर्बांधणीत ब्रूस राजाच्या बांधकामांचे प्रमुख होते, तर रॉबर्ट मिल्न राजाचे मुख्य गवंडी. विश्वकोशातल्या नोंदी, राजवाड्याची माहितीपत्रकं, ऑनलाइन लेख वाचून झाले. सगळीकडे दोन्ही नावं एका वाक्यात येतात, वाटणी कळत नाही. पुण्याहून तिकडच्या अभिलेखागारात जाणं शक्य नाही. इंग्रजी चालेल, जुनं हस्ताक्षर वाचता येत नाही.

होलीरूडचे मूळ नकाशे किंवा छापील पत्रव्यवहार घरबसल्या कुठे पाहता येतील, आणि आराखडा ब्रूस यांचा की मिल्न यांचा हे त्यातल्या कशावरून ठरवायचं?